मॉरिशसला निघालाय? सगळे विचारतात ते प्रश्न

मॉरिशसला दोनदा जाऊन आल्यापासून ओळखीतल्या ओळखीत माझा फोन म्हणजे चौकशी खिडकी झाली आहे. नवं लग्न झालेले, निवृत्त झालेले, मुलांच्या सुट्टीत जाणारे असे सगळे फोन करतात आणि फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. हॉटेलांची जाहिरात यात सापडायची नाही. किनाऱ्यापासून आत वळल्यावर काय दिसतं, ते मात्र जरा जास्तच सापडेल.

मॉरिशस नक्की आहे कुठे? केवढं आहे?

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला. मुख्य बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. रॉड्रिग्ज नावाचं धाकटं बेट आणि आगालेगासारखी आणखी काही बेटंही याच देशात येतात. राजधानी पोर्ट लुई. 'लुईस' म्हणू नका, तिथे 'स' गिळतात.

जमीन ज्वालामुखीची आहे. मधे पठार, कडेला टोकदार डोंगर आणि भोवती प्रवाळाचं कडं. सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटरचं, म्हणजे सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही. पण ते डोंगर समुद्राला लागून एकदम उभे राहतात, त्यामुळे आहेत त्याहून उंच भासतात. क्युरपीप गावात 'त्रू ओ सेर' नावाचं ज्वालामुखीचं विझलेलं मुख आहे. आता त्याच्या काठाने लोक पहाटे फिरायला येतात.

कधी जावं?

मे ते ऑक्टोबर. तिकडचे ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा त्यांचा हिवाळा चालू असतो: कोरडी हवा, सुखद ऊन. फक्त पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर वारा सुटतो, तेव्हा या दिवसांत उत्तरेला किंवा पश्चिमेला उतरावं. पठारावरच्या गावांत संध्याकाळी स्वेटर लागतो, ही गोष्ट कोणी सांगत नाही. किनाऱ्यावर घाम पुसत निघालात तरी तासाभरात क्युरपीपला धुक्यात भिजाल.

नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा. पोहायला पाणी मस्त कोमट, पण दमट हवा आणि वादळाची टांगती तलवार.

वादळ आलं तर?

जानेवारी ते मार्च हे खरे धोक्याचे महिने. इशारे चार पायऱ्यांचे असतात, एक ते चार. एक आणि दोनला लोक दुकानांत रांगा लावतात, मेणबत्त्या, पाव, डबाबंद मासे घेतात. तीनला सगळं बंद. मग गाडी काढून 'जरा समुद्र बघून येऊ' असं करायचं नाही. १९६० साली 'कॅरोल' या वादळाने बेटावरची घरं झोपवली. आज तिथे सपाट छपराची काँक्रीटची घरं इतकी दिसतात, त्यामागे हीच आठवण आहे. अलीकडे जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. हॉटेलवाले सरावलेले असतात, त्यांचं ऐका. परतीच्या विमानासाठी मात्र हाताशी एक-दोन दिवस राखून ठेवा.

व्हिसा, विमान, वेळ?

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून गेलात तर विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, फी नाही. परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. निघण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी एकदा दूतावासाचं संकेतस्थळ बघून घ्या.

मुंबईहून थेट विमान आहे, साडेसहा तासांच्या आसपास लागतात. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे. आपले गोल पिनांचे बसत नाहीत, ॲडॉप्टर न्या.

पैशांचं कसं?

चलन मॉरिशसचा रुपया. आपल्यापेक्षा भारी आहे, त्यांच्या एका रुपयाला आपले पावणेदोन ते दोन पडतात. भाव बघताना 'रुपये' वाचून खूश होऊ नका, मनात दुप्पट करा. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय आणि रूपे तिथे सुरू झालंय, पण रस्त्यावरच्या गाडीवर रोखच लागते.

नोट हातात आली की नीट बघा. रक्कम इंग्रजी, तमिळ आणि हिंदी अशी तीन भाषांत, त्याच क्रमाने छापलेली असते. १९९८ साली नव्या नोटांवर हिंदी वर गेली आणि तमिळ खाली आली. तमिळ समाज एवढा खवळला की नोटा मागे घ्याव्या लागल्या. इवल्याशा देशात कोण कुठल्या ओळीत उभा आहे, याची नोंद लोक किती बारकाईने ठेवतात, ते या नोटेवरून कळतं.

तिथे मूळचे रहिवासी कोण?

कोणीच नाही. डच १५९८ मध्ये उतरले तेव्हा बेटावर माणूस नव्हता. त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या, नावावरून बेटाचं नाव ठेवलं, ऊस आणला, एबनीची, म्हणजे काळ्या किमती लाकडाची, झाडं तोडली आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांच्या काळात बंदर उभं राहिलं, मळे वाढले, आणि मळ्यांवर राबायला मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली गेली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्राँ पोर्टच्या आरमारी लढाईत फ्रेंचांनी इंग्रजांना हरवलं होतं. पॅरिसच्या विजय कमानीवर त्या लढाईचं नाव कोरलेलं आहे, बेट मात्र चार महिन्यांत गेलं. इंग्रजांनी भाषा, कायदे, मळे सगळं फ्रेंचांचंच चालू दिलं. म्हणून आजही गाडी डावीकडून चालते आणि चालवणारा फ्रेंचमिश्रित बोलतो.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली. मळेवाल्यांना त्याच्या आधीपासूनच नवे हात हवे होते. ते त्यांनी हिंदुस्थानातून आणले. कलकत्त्याहून निघालेलं 'ॲटलास' जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. त्यानंतरच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या वर माणसं आली: बिहारी, तमिळ, तेलुगू आणि आपली मराठी. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. एक दिवस कामावर आला नाहीत तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम. आज बेटावरची जवळपास दोनतृतीयांश माणसं मूळ भारतीय वंशाची आहेत.

जिथे ती उतरली ती जागा म्हणजे आप्रवासी घाट. २००६ पासून जागतिक वारसा स्थळ. तिथे सोळा पायऱ्या आहेत. साध्या, काळ्या दगडाच्या, तीन-चार उड्यांत चढून जाल अशा. गाईड सांगेल तेवढं ऐका आणि मग दोन मिनिटं एकटे त्या पायऱ्यांवर थांबा. हमरस्ता आणि बसस्थानक शेजारीच आहे, हॉर्न वाजत असतात. समुद्र आता भराव घालून लांब गेलाय. तरी बोटीतून पाय काढून पहिल्या पायरीवर ठेवणारी बाई डोळ्यांपुढे येतेच.

दुसरं वारसा स्थळ नैऋत्येचा 'ल मॉर्न' डोंगर. पळालेले गुलाम याच्या कड्यांवर लपत. सुटकेची बातमी सांगायला शिपाई वर चढले, ते पकडायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका आहे. त्याच्या पायथ्याशी पंचतारांकित हॉटेलं आहेत आणि समुद्रातल्या 'पाण्याखालच्या धबधब्या'चे फोटो याच भागात हेलिकॉप्टरमधून काढतात. तो धबधबा नसतो बरं का, वाळू उतारावरून सरकल्याने तसा भास होतो.

तिकडे खरंच मराठी माणसं आहेत? मराठी बोलतात?

हो आणि फारसं नाही.

मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसं पुष्कळ होती. त्यांची पाचवी-सहावी पिढी आज तिथे आहे, साधारण वीस हजारांच्या घरात. वाक्वा, कास्कावेल आणि पश्चिमेकडच्या गावांत ही वस्ती आहे. घरात बोलतात क्रिओल, म्हणजे फ्रेंचपासून घडलेली तिथली बोली. मराठी शाळेत शिकतात, देवघरात म्हणतात, नाटकात बोलतात. सरकारी शाळांत मराठी हा विषय घेता येतो, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती वरच्या वर्गांपर्यंत शिकवतात आणि सरकारतर्फे मराठी नाट्यमहोत्सवही होतो. मोका इथे २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला.

आडनावावरून मात्र ओळखू येत नाहीत. इमिग्रेशनच्या टेबलावरच्या कारकुनाने कानाला जे लागलं ते रोमन लिपीत लिहिलं. बापाचं नाव पोराचं आडनाव झालं आणि गावाचं नाव कुठेतरी गळून गेलं. आज कुणाला मूळ शोधायचं असेल तर गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या आहेत: नंबर, नाव, जात, जिल्हा, उंची, अंगावरच्या खुणा. पुढच्या काळातल्या नोंदींबरोबर फोटोसुद्धा.

वाक्व्याला एका घरी गणपतीत मला बोलावलं होतं. आजोबा सत्तरीचे. आरती त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ म्हटली, फक्त 'र' फ्रेंच वळणाचा, घशातून येणारा. आरती संपली, मी मराठीत काहीतरी विचारलं, तर ते हसले आणि नातीकडे बघून क्रिओलमध्ये म्हणाले, याला चहा दे. मग बाहेर ओट्यावर बायकांनी फेर धरला. त्याला ते 'झाकरी' म्हणतात. आपली कोकणातली जाखडी. ठेका तोच. मला कोकणात लहानपणी शिमग्या-गणपतीत ऐकलेला ढोलकीचा ताल आठ हजार दिवसांनी हिंदी महासागराच्या मधोमध ऐकू आला आणि काय करावं ते कळेना, म्हणून चहाच प्यायलो.

गणपतीची तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, तीही आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. कारण बहुतेक घरांत बाप्पा दीड दिवसाचा आणि विसर्जनाला माणसं मोकळी हवीत. हेन्रिएटा गावात १८९६ मध्ये पहिला गणपती बसला असं सांगतात. जमलं तर सहल त्याच दिवसांत बांधा. प्रवाळाच्या आतल्या शांत, गुडघाभर निळ्या पाण्यात गणपती घेऊन चालत जाणारी माणसं बघायला मिळतील. आपल्याकडच्या धक्काबुक्कीची सवय असलेल्याला ते दृश्य खरं वाटत नाही.

उलट दिशेचाही एक धागा आहे. आपल्याकडे जुनी माणसं पांढऱ्या दाणेदार साखरेला 'मोरस साखर' म्हणत, गुजरातीत तर साखरेला अजून मोरसच म्हणतात. ते मोरस म्हणजे हेच मॉरिशस. कोकणातून माणूस गेला आणि त्याने पिकवलेल्या उसाची साखर पुडीत बांधून परत आली.

भाषेची अडचण येते का?

नाही. संसदेची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, आणि सगळ्यांच्या जिभेवर क्रिओल. हिंदी चित्रपटांमुळे हिंदी पुष्कळांना कळते, खेड्यांत वयस्कर लोक भोजपुरी बोलतात. 'बोंझूर' म्हणून सुरुवात केली की काम सोपं होतं. दुकानात शिरताना बोंझूर न म्हणता एकदम भाव विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात. 'की मान्येर?' म्हणजे कसं काय. मंडईत गेलात तर कान उघडे ठेवा: कोथिंबिरीला 'कोतोमिली', चटणीला 'सातिनी', फणसाला 'झाक'.

आम्ही शाकाहारी. खाण्याचे हाल होतील?

मुळीच नाही. उलट हा देश रस्त्यावर उभं राहून खाण्याचा आहे.

पहिलं नाव दालपुरी. हरभऱ्याची किंवा वाटाण्याची डाळ शिजवून, भरडून, हळद-जिरं घालून पातळ पोळीत भरतात. पुरणपोळीचीच लांबची बहीण, फक्त गोड नाही आणि इतकी मऊ की घडी घालताना फाटेल असं वाटतं. ती कधी एक मिळत नाही, जोडीनेच मिळते. 'एन पेर' म्हणायचं, म्हणजे एक जोडी. गाडीवाला काचेच्या पेटीतून दोन पोळ्या काढतो, त्यावर पावट्यासारख्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा 'रुगाय', कोथिंबिरीची चटणी असं भराभर पसरतो आणि तुमच्याकडे न बघता विचारतो, 'पिमां?' म्हणजे तिखट हवं का. मान हलवलीत तर वाटलेली हिरवी मिरची लागते. कागदात गुंडाळून हातात येतं, खाता खाता रस्सा कोपरापर्यंत ओघळतो, सगळ्यांचाच ओघळतो. सकाळी चांगल्या गाडीपुढे बँकेतला साहेब आणि रस्ता झाडणारा एकाच रांगेत असतात.

दुसरं 'गातो पिमां', म्हणजे डाळवडा. नाव फ्रेंच, चव थेट आपली. तिकडे तो पावात लोणी लावून नाश्त्याला खातात. आपला वडापाव कुठे कुठे जाऊन आलाय असं वाटतं, पण दोघांचं नातं नाही, भूक मात्र एक. तिसरं 'अलूदा', म्हणजे सब्जाचं फालुदा-दूध. पोर्ट लुईच्या मंडईत उन्हातून आल्यावर प्या.

तमिळ घरांत सणाला केळीच्या पानावर सात भाज्यांचं जेवण असतं, आमंत्रण मिळालं तर सोडू नका. मासे खाणाऱ्यांनी 'विंदाय' मागावं: मोहरी, हळद, व्हिनेगर लावून मुरवलेला मासा. आठपायाची रस्साभाजी, म्हणजे ऑक्टोपसची, ही खास. चिनी पद्धतीचं 'बोल रांव्हेर्से' म्हणजे उलटा वाडगा: भात, भाजी, चिकन वाडग्यात दाबून ताटात पालथं घालतात, वर तळलेलं अंडं. बघायलाच मजा.

हॉटेलात 'इंडियन नाइट' असते. तिकडे जाऊ नका, एवढंच सांगतो.

किनारा कुठला चांगला?

लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर त्रू ओ बिश: शांत, उथळ. गर्दी, बाजार, रात्रीचा दंगा हवा तर ग्राँ बे. सूर्यास्तासाठी फ्लिक-आँ-फ्लाक. लांबलचक पांढरी वाळू आणि सूर्योदय बेल मारला. प्रवाळ आणि मासे बघायचे तर विमानतळाजवळचं ब्लू बे, ते संरक्षित सागरी उद्यान आहे.

दक्षिणेला ग्री-ग्री या ठिकाणी प्रवाळाचं कडं तुटलेलं आहे, तिथे समुद्र थेट काळ्या खडकांवर आपटतो. पोहायचं नाही, नुसतं बघायचं. मला विचाराल तर ब्रोशरमधल्या दहा किनाऱ्यांपेक्षा मला ही जागा आवडली. गुहागर-वेळणेश्वराकडचा पावसाळी समुद्र आवडणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतोय.

भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची असते. हॉटेलासमोरून चालत जायला तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. पाण्यात शिरताना रबरी चपला किंवा बूट घाला. समुद्री साळिंदरांचे काटे आणि दगडमासा, दोन्ही पायाला शोधतात.

२०२० मध्ये तेल सांडलं होतं ना? आता पाणी स्वच्छ आहे?

पर्यटकाला वावरायला काही अडचण नाही. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. तेव्हा त्या किनाऱ्यावरच्या माएबूर गावच्या लोकांनी कुणाची वाट न बघता उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब तरंगते बांध शिवले. बायका अंगणात बसून शिवत होत्या, पोरं ते पाण्यात ओढत होती. केस तेल शोषतात म्हणून लोकांनी केस कापून दिले. माएबूरला गेलात तर सोमवारचा बाजार करा आणि एखाद्या मच्छीमाराशी गप्पा मारा, हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही.

डोडो दिसतो का?

हा प्रश्न मला आतापर्यंत सहा मुलांनी आणि एका चार्टर्ड अकाउंटंटने विचारलाय. नाही. सतराव्या शतकातच संपला. खात्रीची शेवटची नोंद १६६२ सालची मानतात. डचांनी खाऊन संपवला ही अर्धीच गोष्ट. जहाजांतून आलेले उंदीर, डुकरं आणि माकडं यांनी जमिनीवरची अंडी फस्त केली. आज डोडो कीचेनवर, टॉवेलवर आणि देशाच्या राजमुद्रेवर आहे.

पण वाचलेल्यांची गोष्ट जास्त ऐकण्यासारखी. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ मध्ये जंगलात फक्त चार उरला होता. अंडी उचलून, उबवून, पिल्लं परत सोडून त्याची संख्या शेकड्यांत नेली. गुलाबी कबुतरालाही असंच काठावरून ओढून आणलं. ब्लू बेजवळच्या इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर गाईडबरोबर जाता येतं: जुनं जंगल, गुलाबी कबुतरं आणि वाटेत आडवी बसलेली राक्षसी कासवं. ती हलत नाहीत, तुम्हीच वळसा घालायचा.

गंगा तलाव म्हणजे काय? गंगा तिकडे कशी?

पठारावर ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं तळं आहे, ग्राँ बासाँ. १८९८ मध्ये पहिली यात्रा निघाली आणि १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात ओतलं, तेव्हापासून गंगा तलाव. काठावर १०८ फुटी शंकर उभा आहे, समोर तेवढीच दुर्गा. महाशिवरात्रीला लाखो माणसं पांढरे कपडे घालून, सजवलेल्या कावडी खांद्यावर घेऊन चालत येतात. वाटेत लोक चालणाऱ्यांना चहा, फळं, जेवण देतात, त्यांत कुणी कुठल्या धर्माचा ते विचारत नाही. वारी पाहिलेल्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. अलीकडे कावडी एवढ्या उंच होतात की विजेच्या तारांना लागून जीव गेलेत, त्यावर दर वर्षी वाद होतो.

तिथली माकडं प्रसाद मागत नाहीत, घेतात.

पोर्ट लुईला एक दिवस द्यावा का?

द्या, पण रविवारी नको, शहर ओस पडतं. सकाळी मंडई, मग आप्रवासी घाट, मग ब्लू पेनी संग्रहालय. तिथे १८४७ ची जगप्रसिद्ध टपाल तिकिटं आहेत. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून दिवे तासातून थोडाच वेळ लावतात, बाकी वेळ प्रतिकृती बघायच्या. तिकिटांचा नाद नसलेल्या नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून बायका आत गेल्याचं आणि उलटंही मी पाहिलंय. शाँ द मार्सचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान १८१२ चं आहे.

पांपलमूसची बाग शहरापासून जवळ. कमळाच्या जातीची ती परातीएवढी पानं तिथेच आहेत. ताडाचा एक प्रकार आहे, तालीपोट, तो कित्येक दशकांनी एकदाच फुलतो आणि मग मरतो.

फिरायला गाडी भाड्याने घ्यावी का?

गाडी डावीकडून चालते, रस्ते चांगले, आपला वाहन परवाना आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. गावांतले रस्ते मात्र चिंचोळे, दोन्ही बाजूंना ऊस, वळण दिसत नाही. रात्री नको.

मी सुचवीन, निदान दोन दिवस बसने फिरा. अशोक लेलँडच्या गाड्या, आवाज घरचा, वाहक येऊन तिकीट फाडतो. मावशींच्या पिशवीतून भाजी डोकावते, शाळेतली मुलं एकाच वाक्यात तीन भाषा बोलतात. पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रोही आहे, भारताच्या मदतीने आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधलेली. पहिला टप्पा २०१९ मध्ये सुरू झाला.

खिडकीतून उसाच्या शेतात मधेच काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतील, पायऱ्या पायऱ्यांचे, पिरॅमिडसारखे. ते स्मारक नाही. शेत मोकळं करायला मजुरांनी हाताने एकेक धोंडा वेचून रचलेली ती रास आहे. आता बरीचशी यंत्रांनी काढून टाकली, काही उरल्यात.

मालदीव की मॉरिशस?

चार दिवस नुसतं पाण्याकडे बघत पडून राहायचं असेल तर मालदीव. तिसऱ्या दिवशी 'आता काय?' असं विचारणारं कोणी घरात असेल तर मॉरिशस.

रॉड्रिग्जला जावं का?

हातात आठवडाभराहून जास्त असेल तर जरूर. मुख्य बेटापासून साडेपाचशे किलोमीटर पूर्वेला, छोट्या विमानाने दीड तास. १०८ चौरस किलोमीटरचं डोंगराळ बेट. ऊस नाही, घाई नाही. ओहोटीला बायका लोखंडी सळ्या घेऊन उथळ पाण्यात ऑक्टोपस शोधत फिरतात आणि मग ते कपडे वाळत घातल्यासारखे दोरीवर टांगतात. वर्षातले काही महिने ही शिकार बंद ठेवतात.

सेगा बघायला मिळेल का?

हॉटेलात मिळेल, झगमगीत घागऱ्यांचा. सेगा म्हणजे तिथला नाच-गाण्याचा प्रकार, खरा सेगा गुलामांनी उभा केलेला. रावान नावाचं बकऱ्याच्या कातड्याचं डफासारखं वाद्य असतं, ते आधी शेकोटीवर शेकून ताणतात. कातडं तापलं की आवाज बदलतो, तो क्षण ऐकण्यासारखा. शनिवार-रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर जा. कुटुंबंच्या कुटुंबं पातेली घेऊन आलेली असतात, दुपारनंतर कोणीतरी रावान काढतंच.

काय नेऊ नये?

बिया, रोपं, फळं नेऊ नका. ई-सिगारेट बंद आहे. अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत. झोपेची किंवा जबर वेदनाशामक औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी हवीच, नसेल तर विमानतळावर गोंधळ होतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, कापडी न्या.

आणि येताना काय आणावं?

व्हॅनिलाचा चहा, ओलसर काळपट मस्कोवाडो साखर, मिरचीचं लोणचं. डोडोचं कीचेन आणाच, नाहीतर शेजारची मुलं विश्वास ठेवत नाहीत. साखरेची पुडी मी आत्याला दिली. तिने चिमूटभर जिभेवर ठेवली, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि म्हणाली, 'हं, काकवीचा वास येतोय. पण आमच्या लहानपणीची मोरस पांढरी असायची.'